एक्सएमएल वाचायला कोणती लायब्ररी घ्यायची, हा साधा प्रश्न अचानक एवढा गंभीर का झालाय?

एक प्रयोग करून बघा. कॉम्प्युटरवर वर्डची एखादी डॉक्सएक्स फाईल असेल तर तिची एक कॉपी करा. कॉपीच्या नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स काढून झिप करा आणि ती फाईल उघडा. आत तुम्हाला दोन-चार फोल्डर आणि एक्सएमएल नावाच्या बऱ्याच फाईली दिसतील. तुम्ही लिहिलेला अर्ज, त्यातलं ठळक अक्षर, टेबल, समास, सगळं त्या एक्सएमएलमध्ये लिहून ठेवलेलं असतं.

एक्सेलच्या फाईलचंही तेच. आधारची ऑफलाईन केवायसीची फाईल डाउनलोड केली तर झिपच्या आत एक्सएमएलच निघतं. तुम्ही वडापावचे 20 रुपये यूपीआयने देता तेव्हा बँका आणि एनपीसीआय यांच्यात जे निरोप धावतात, तेही एक्सएमएलमध्ये बांधलेले असतात. टॅलीतून हिशेब बाहेर काढायचा किंवा आत घालायचा असेल तरी एक्सएमएल आलंच.

आता तुम्ही म्हणाल, असेल, आपल्याला काय त्याचं?

तर विषय असा आहे की हे एक्सएमएल वाचण्याचं काम जगभरातली कितीतरी सॉफ्टवेअर मोजून दोन-तीन लायब्ररींकडून करून घेतात. आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या लायब्ररीला सांभाळणाऱ्या माणसाने 2025 मध्ये हात वर केले. त्यामुळे एरवी फक्त प्रोग्रामर लोकांच्या चहाच्या टपरीवर चघळला जाणारा प्रश्न, म्हणजे 'एक्सएमएलसाठी कुठली लायब्ररी घेऊ?', एकदम महत्त्वाचा झालाय.

आधी हे पार्सर प्रकरण समजून घेऊ

एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवण्याची एक पद्धत आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने 10 फेब्रुवारी 1998 ला तिची पहिली अधिकृत आवृत्ती जाहीर केली. प्रत्येक माहितीभोवती एक उघडणारी आणि एक बंद करणारी खूण, अशी तिची रचना.

आपल्याला शाळेत वाक्यपृथक्करण असायचं. वाक्य घ्यायचं, उद्देश्य वेगळं करायचं, विधेय वेगळं करायचं, कोण कुणाचं विशेषण ते दाखवायचं. पार्सर नेमकं हेच करतो. एक्सएमएलची सलग फाईल घेतो आणि हे बिल, हा त्याचा नंबर, ही रक्कम, असं फोडून प्रोग्रामच्या हातात देतो.

आता पायथन, पीएचपी, रूबी, पर्ल या झाल्या स्क्रिप्टिंग भाषा. लिहायला सोप्या, लिहिलं की लगेच चालवून बघता येतं. पण वेगात त्या सी भाषेच्या मागे. म्हणून झालं काय, की या भाषांनी एक्सएमएल फोडण्याचं जड काम स्वतः न करता सी भाषेत आधीच लिहिलेल्या लायब्ररींकडे सोपवलं.

त्यात दोन नावं मोठी. पहिलं, एक्सपॅट. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेली, छोटी आणि चपळ. पायथनसोबत जो एक्सएमएलचा पार्सर फुकट मिळतो, त्याच्या पोटात एक्सपॅट आहे. फायरफॉक्स ब्राउझरही तिच्यावरच चालतो. दुसरं नाव, लिबएक्सएमएल2. डॅनियल वेलार्ड यांनी नोम प्रकल्पासाठी लिहिलेली, जास्त सोयी असलेली. पायथनमधली एलएक्सएमएल, रूबीमधली नोकोगिरी, पीएचपीमधले सिंपलएक्सएमएल आणि डॉम, या सगळ्यांच्या खाली तीच बसलेली आहे. शिवाय ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती आहे आणि क्रोममध्येही आहे.

म्हणजे एक टीम पायथन घेते, दुसरी पीएचपी घेते, तिसरी रूबी. प्रत्येकाला वाटतं आपण वेगळी वाट धरली. खाली खणत गेलं तर तिघांच्या विहिरीला पाणी एकाच झऱ्याचं.

2025 मध्ये नक्की झालं काय?

लिबएक्सएमएल2 अलीकडची बरीच वर्षं निक वेल्नहोफर हे सांभाळत होते. कुठल्या कंपनीच्या पगारावर नाही, स्वयंसेवक म्हणून.

अशा लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली की एक रीत असते. शोधणारा ती गुपचूप कळवतो, सांभाळणारा ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करतो आणि मगच सगळं जाहीर होतं. तोपर्यंत तोंड बंद. कागदावर हे चांगलंच आहे. पण मुदत पाळायची कुणी? तर पगार नसलेल्या माणसाने.

जून 2025 मध्ये वेल्नहोफर यांनी जाहीर केलं की यापुढे सुरक्षेच्या त्रुटींना वेगळी वागणूक मिळणार नाही. इतर त्रुटींसारख्याच त्याही उघडपणे नोंदवल्या जातील आणि वेळ मिळेल तशा दुरुस्त होतील. दर आठवड्याला कित्येक तास इतरांनी पाठवलेल्या सुरक्षेच्या तक्रारी निस्तरण्यात जातात आणि विनामोबदला हे चालू ठेवणं शक्य नाही, हे त्यांचं कारण होतं. त्यांचा मोठ्या कंपन्यांवरचा राग तर सरळ होता. ॲपलने ही लायब्ररी आपल्या सगळ्या सिस्टिमचा भाग केली, मग गूगल आलं, मग मायक्रोसॉफ्ट. त्यांच्या मते ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वापरावी इतक्या ताकदीची ही लायब्ररी मुळात कधी नव्हतीच.

लिबएक्सएसएलटी ही तिची जोडीदार लायब्ररी त्यांनी त्याच सुमारास सोडली होती. पुढे काही महिन्यांतच लिबएक्सएमएल2 ची जबाबदारीही सोडली.

गावात पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा एक माणूस असतो, वॉलमन. तो रोज वेळेवर येतो तोवर त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. तो एक दिवस किल्ली ठेवून घरी गेला की गावाला कळतं, नळाला पाणी आपोआप येत नव्हतं.

परिणाम लगेच दिसायला लागले. लिबएक्सएसएलटी ज्या तंत्रासाठी वापरली जाते ते एक्सएसएलटी ब्राउझरमधूनच काढून टाकण्याची योजना क्रोमने 2025 मध्ये जाहीर केली. म्हणजे 1999 पासूनचं एक तंत्र जाण्याच्या वाटेवर आहे. आणि त्यामागच्या कारणांत ही जुनी, सांभाळायला माणूस नसलेली लायब्ररी हे एक मोठं कारण आहे.

बरं, एक्सपॅटकडे तरी सगळं आलबेल आहे का? तर तेही नाही. 2024 मध्ये एक्सपॅटच्या बाजूनेही जाहीर आवाहन झालं होतं की प्रकल्पाकडे माणसं कमी आहेत आणि पैसा नाही. एक सुरक्षा त्रुटी बराच काळ अडकून पडली होती, ती शेवटी मार्च 2025 मध्ये 2.7.0 या आवृत्तीत दुरुस्त झाली.

एवढं काय बिघडतं पार्सरमुळे?

कुणाला वाटेल, फाईल वाचायचं तर काम आहे, त्यात कसला आलाय धोका. तीन उदाहरणं बघा.

पहिलं. एक्सएमएलमध्ये संक्षेप ठरवायची सोय आहे. म्हणजे 'अ' म्हटलं की अमुक मजकूर धरायचा. आता कुणी 'अ' म्हणजे लोल असं ठरवलं, 'ब' म्हणजे दहा वेळा 'अ', 'क' म्हणजे दहा वेळा 'ब', असं नऊ पायऱ्या चढत गेलं तर लोल हा शब्द 100 कोटी वेळा तयार होतो. फाईल एक केबीपेक्षाही लहान आणि ती उघडताना मेमरी लागते 3 जीबीच्या आसपास. सर्व्हर गपकन आडवा. या हल्ल्याला 'बिलियन लाफ्स' म्हणतात. एक्सपॅटने यावर बंदोबस्त केला 2021 मध्ये.

दुसरं. संक्षेपाच्या जागी मजकुराऐवजी 'अमुक ठिकाणची फाईल आणून इथे टाक' असंही सांगता येतं. भोळा पार्सर सर्व्हरवरची ती फाईल उचलतो आणि पाठवणाऱ्याच्या हातात देतो. रेजिनाल्डो सिल्वा या ब्राझीलच्या संशोधकाने अशीच त्रुटी थेट फेसबुकमध्ये शोधून काढली होती. 2014 मध्ये फेसबुकने त्याला 33,500 डॉलर बक्षीस दिलं. तोपर्यंतचं ते फेसबुकचं सगळ्यात मोठं बक्षीस होतं.

तिसरं उदाहरण तर अगदी ताजं आहे आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं. रूबी-सॅमल नावाची लायब्ररी आहे. कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश मिळतो, त्या सोयीसाठी ती वापरतात. गिटहब ती पुन्हा वापरायचा विचार करत होतं, म्हणून त्यांनी तिची तपासणी केली. तेव्हा दिसलं की त्या लायब्ररीत एक सोडून दोन पार्सर आहेत, आरईएक्सएमएल आणि नोकोगिरी. सही तपासताना काही भाग एक वाचतो, काही भाग दुसरा. आणि तोच कागद दोघे वेगवेगळा वाचू शकतात. म्हणजे गेटवरच्या एका वॉचमनने पास बघितला, दुसऱ्याने नाव लिहून घेतलं, पण दोघांनी बघितलेली माणसंच वेगळी. योग्य सही असलेला एक कागद हातात असला की हल्लेखोराला दुसऱ्या कुणाच्याही नावाने आत शिरता आलं असतं. मार्च 2025 मध्ये हे जाहीर झालं आणि दुरुस्तही झालं. गिटलॅबलाही तातडीने आपली सिस्टिम अपडेट करावी लागली.

मग लायब्ररी निवडायची कशी?

समजा तुम्ही एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहात आणि काम आलंय की शंभर दुकानदारांच्या हिशेबाच्या एक्सएमएल फाईली वाचून एक अहवाल काढायचा. इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी 'कुठली लायब्ररी सगळ्यात फास्ट' एवढीच चर्चा सापडते. वेग महत्त्वाचा आहे, पण तो पाचवा प्रश्न. आधीचे चार हे.

पहिला प्रश्न, फाईल येते कुठून? तुमच्याच प्रोग्रामने लिहिलेली फाईल असेल तर घाबरायचं कारण नाही. पण वेबसाईटवर कुणीही अपलोड करू शकत असेल तर संक्षेपांची सोय बंदच पाहिजे. पायथनमध्ये यासाठी डिफ्यूज्डएक्सएमएल नावाचं छोटं पॅकेज आहे. एलएक्सएमएलने 5.0 या आवृत्तीपासून बाहेरच्या फाईली आणून जोडणं मुळातच बंद केलंय. पीएचपीवाल्यांसाठी मात्र एक गंमत आहे. तिथे लिबएक्सएमएल-नोएंट नावाचा एक पर्याय आहे. नाव वाचून वाटतं की हा लावला की संक्षेप बंद होतील. होतं बरोबर उलटं, तो लावला की संक्षेप उलगडले जातात. सुरक्षेसाठी म्हणून तो लावणारे स्वतःच दार उघडून बसतात.

दुसरा प्रश्न, फाईल केवढी आहे? पार्सर दोन पद्धतीने काम करतात. एक, अख्खी फाईल मेमरीत घेऊन तिचं झाड उभं करायचं. लहान फाईलला हे एकदम सोयीचं, पण झाडाला मूळ फाईलच्या कैक पट मेमरी लागते. दोन, फाईल तुकड्यातुकड्याने वाचायची, काम झालेला तुकडा टाकून द्यायचा. मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये डाउनलोड करता येतो. मराठी शब्दांची मोजदाद करायला कुणी ती फाईल घेतली आणि साध्या लॅपटॉपवर तिचं झाड उभं करायला गेलं तर लॅपटॉप मान टाकण्याचीच शक्यता जास्त. तिथे पायथनमधलं इटरपार्स किंवा पीएचपीमधलं एक्सएमएल-रीडर हाच मार्ग.

तिसरा प्रश्न, फाईल नियमात आहे का? हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या फाईलींत असे काही अदृश्य कंट्रोल कॅरेक्टर येतात की जे एक्सएमएलच्या नियमात बसतच नाहीत. पायथनचा सोबत येणारा पार्सर तिथे थेट थांबतो. एलएक्सएमएलला 'चूक सोडून पुढे जा' असं सांगता येतं. नोकोगिरी तर न सांगताच पुढे जाते. यातलं चांगलं काय? कामावर अवलंबून आहे. बातम्यांची यादी वाचायची असेल तर पुढे गेलेलं बरं. पैशाचा हिशेब असेल तर थांबलेलं बरं, कारण पार्सरने मुकाट्याने सोडून दिलेली ओळ नेमकी कुणाच्या तरी बिलाची निघायची.

चौथा प्रश्न, आणि 2025 ने शिकवलेला हाच. तिच्या खाली काय आहे आणि ते कोण सांभाळतं? इथे एक बारीक खोच आहे. एलएक्सएमएल किंवा नोकोगिरी तयार पॅकेज म्हणून टाकली की लिबएक्सएमएल2 ची एक प्रत सहसा त्यांच्या पोटातच येते. म्हणजे सर्व्हरच्या सिस्टिमवरची लिबएक्सएमएल2 तुम्ही इमानेइतबारे अपडेट केलीत तरी तुमचा प्रोग्राम आतली जुनीच प्रत वापरत बसतो. अपडेट करायचं ते पॅकेज. हे माहीत नसल्यामुळे 'आम्ही तर पॅच मारलाय' असं म्हणणारी टीमही उघडी राहू शकते.

या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढली की निवड बरीचशी आपोआप होते. साधी, लहान, नियमातली फाईल असेल तर भाषेसोबत मिळणारा पार्सर पुरतो. पायथनमध्ये एलिमेंटट्री 2006 पासून सोबतच येतं, त्यासाठी वेगळं काही टाकायची गरज नाही. जितकी कमी पॅकेजं, तितकी कमी काळजी. गुंतागुंतीचा शोध घ्यायचा असेल, फाईल ठरलेल्या साच्यात बसते का तपासायची असेल, तरच एलएक्सएमएलसारखी मोठी लायब्ररी घ्या. आणि जिथे सही, पैसा, लॉगिन यांचा संबंध आहे तिथे एकच पार्सर. दोन नको.

मोह होईल, पण एक गोष्ट टाळा. 'एवढं कशाला, मीच दोन ओळींत शोधून काढतो' म्हणत स्वतःचा पार्सर लिहायला जाऊ नका. लिबएक्सएमएल2 मध्ये पंचवीसेक वर्षांनंतरही चुका सापडतात, तर आपल्या एका दुपारच्या कोडमध्ये किती असतील?

बदला की, एवढं काय त्यात?

असं म्हणणारेही आहेत. माणूस सोडून गेला तर दुसरा घ्या. पण इथे 2024 ची आठवण काढावी लागते. एक्सझेड नावाची फाईल दाबून लहान करणारी लायब्ररी. तिचा मूळ सांभाळणारा एकटा आणि थकलेला. जिया टॅन नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने काम केलं, विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि मग लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, अशी शंका आली म्हणून ते उघडकीला आलं. सांभाळणारा दमला की नुसतं काम अडत नाही, भलत्याच माणसाला आत शिरायला जागा होते.

म्हणून उपाय पैशाचाच आहे. जर्मनीने 2022 मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सॉव्हरिन टेक फंड उभा केला. आपल्याकडे बंगळूरच्या झिरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला 10 लाख डॉलर, जगातल्या कुठल्याही मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी. हे पैसे एकूण गरजेपुढे थोडेच आहेत. पण शेअर बाजारातली एक भारतीय कंपनी हे करू शकते, तर या लायब्ररींवर लाखो कोटींचा धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांना ते जमत नाही, असं म्हणायला जागा उरत नाही.

आपल्यासारख्या छोट्या टीमने काय करायचं? पैसे देता आले तर द्या. नसतील तर त्रुटी सापडल्यावर 'कधी दुरुस्त करताय' असं विचारण्याआधी नीट उदाहरण जोडा, जमलं तर दुरुस्तीही पाठवा. आणि आपल्या प्रोजेक्टमध्ये कुठकुठल्या लायब्ररी आहेत, त्यांच्या पोटात कुठल्या आहेत, याची एक यादी आजच करून ठेवा. बातमी येईल त्या रात्री यादी करायला बसलात तर सकाळ होईल.

वॉलमन किल्ली ठेवून घरी गेल्यावर त्याचा नंबर शोधत फिरण्यापेक्षा तो कामावर आहे तोवरच त्याची विचारपूस केलेली बरी.